बांधावर करवंदाचं जिवंत कुंपण: बियांपासून दाट जाळीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: भातखाचरांच्या वरच्या अंगाला एक एकर मुरमाड वरकस (उतारावरची हलकी) जमीन आहे. तार गंजते, खांब कुजतात, म्हणून कडेने करवंद लावून कायमचं कुंपण करायचं आहे. त्यात पाखरं, मधमाश्या, फुलपाखरं यांचीही सोय व्हावी अशी इच्छा आहे. रोपं बियांपासून करावीत की कलमं आणावीत, अंतर किती ठेवावं, गुरं आणि रानडुकरं थांबतील का, आणि किती वर्षं लागतील?

करवंद जरूर लावा, पण पाच पावसाळे हाताशी धरा. नीट वाढवलेलं कुंपण चौथ्या-पाचव्या वर्षी गुरं अडवतं. रानडुकरं एकट्या करवंदाने अडत नाहीत, त्यासाठी खाली आणखी काहीतरी करावं लागतं. वानरं आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी कोणतंही झुडपी कुंपण उपयोगाचं नाही. करवंदाची बहुतेक कुंपणं फसतात ती झाडं मेल्यामुळे नाही. झाडं जगतात, डोक्याएवढी वाढतात, पण जमिनीलगतचा दीड फूट उघडा राहतो आणि शेळी त्यातून आरामात आत येते. तो दीड फूट कसा भरायचा, यावरच सगळं अवलंबून आहे.

आधी झाडाचा स्वभाव. करवंद सह्याद्रीच्या उतारांवर, जांभ्या दगडाच्या सड्यांच्या (सपाट खडकाळ माळांच्या) कडेला, मुरमात, जिथे मातीचा थर वीतभरही नाही अशा जागी आपोआप वाढतं. सदाहरित आहे, सोटमूळ खोल जातं, तोडलं किंवा वणव्यात जळलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. काटे जोडीने येतात आणि पुष्कळदा टोकाला दुभंगलेले असतात. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, त्यामुळे जून पाल्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत. या झाडाला दोनच गोष्टी चालत नाहीत: मुळाशी साचून राहिलेलं पाणी आणि दाट सावली. काळ्या चिकण जमिनीत लावायचं असेल तर सपाटीवर न लावता बांधाच्या माथ्यावर किंवा फूटभर उंच केलेल्या वरंब्यावर लावा. आंब्या-फणसाच्या गर्द सावलीत झाड जगतं, पण विरळ, लांबट होतं आणि फुलत नाही. तिथे करवंदाचा हट्ट धरू नये.

आता हिशोब. एक एकर म्हणजे 40 गुंठे, साधारण 4047 चौरस मीटर. जमीन चौकोनी असेल तर चारही बाजू मिळून 254 मीटर भरतात. वाटेसाठी चार मीटर सोडले तर 250 मीटर कुंपण. पट्टी लांबुळकी असेल तर हा आकडा पटकन वाढतो: 25 मीटर रुंद आणि 162 मीटर लांब अशा एकराला 374 मीटर लागतात. म्हणून एकरावरून अंदाज न करता टेप लावून कड मोजा.

गुरं अडवायची असतील तर दोन ओळी हव्यात. दोन ओळींत 45 सेंटिमीटर, ओळीतल्या दोन रोपांत 60 सेंटिमीटर, आणि दुसऱ्या ओळीतलं रोप पहिलीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल अशी नागमोडी मांडणी. अडीचशे मीटरला अशी 834 रोपं लागतात. सांधणीसाठी, म्हणजे मेलेल्या रोपांची जागा भरायला, 15 टक्के जास्त धरली तर साडेनऊशे ते 960 रोपं तयार ठेवा. नुसती हद्द दाखवायची असेल तर एकच ओळ 75 सेंटिमीटरवर चालते, साडेतीनशे रोपांत काम होतं, पण त्याला कुंपण म्हणू नका. जागेचाही विचार आधीच करा. पूर्ण वाढलेली दुहेरी ओळ तळाशी दीड मीटर रुंद होते, म्हणजे एका एकरात पावणेचार गुंठे जातात. बांध सामाईक असेल तर ओळ हद्दीपासून किमान तीन फूट आत घ्या. काटेरी फांद्या शेजाऱ्याच्या नांगरापुढे आल्या की भांडण ठरलेलं, आणि मग तो आपल्या बाजूने हवं तसं कापतो.

बिया की कलमं? कुंपणासाठी बियांचीच रोपं. सोटमूळ मिळतं, खर्च नगण्य, आणि प्रत्येक झाड थोडं वेगळं निघतं. कुंपणात हा वेगळेपणा फायद्याचा असतो: एक झाड लवकर फुलतं, एक उशिरा, एखाद्यावर रोग आला तरी सगळी ओळ झोपत नाही. त्यासाठी बी एकाच जाळीतून घेऊ नका, वीस-पंचवीस वेगवेगळ्या जाळ्यांतून थोडं थोडं घ्या आणि शक्यतो आपल्याच डोंगरातलं घ्या. फळांसाठी सलग लागवड करायची असेल तर मात्र कलमं आणा, कारण बियांच्या झाडांत फळाचा आकार आणि आंबटपणा सारखा येत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची मोठ्या फळाची ‘कोकण बोल्ड’ ही जात त्यासाठी आहे. छाट कलमं (फांदीचे तुकडे रोवून केलेली रोपं) करण्याच्या नादाला लागू नका. चिकामुळे आणि मंद मुळ्यांमुळे बरीचशी काडी वाया जाते, संप्रेरक लावूनही. गुटी कलम (झाडावरच्याच फांदीची साल काढून तिथे मुळं फोडणं) जुलै-ऑगस्टमध्ये पेन्सिलीएवढ्या फांदीवर होतं, पण साडेनऊशे गुट्या कोण बांधणार? डोंगरातली तयार झुडपं उपटून आणायचा विचारही सोडा. सोटमूळ खडकात गेलेलं असतं, ते तुटतं, आणि वरचं झाड पंधरा दिवसांत वाळतं. इथेही नुकसान, तिथेही.

बियांच्या बाबतीत एकच नियम कडक आहे: बी ताजं हवं. सुकवून डब्यात ठेवलेलं करवंदाचं बी झपाट्याने उगवण गमावतं, त्यामुळे बाजारातून जुनं बी घेणं म्हणजे पैसे मातीत. एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत पूर्ण काळी, बोटाने दाबली की फुटणारी फळं गोळा करा. एका फळात सहसा दोन ते चार चपट्या बिया असतात. प्रत्येक पिशवीत दोन बिया या हिशोबाने साडेनऊशे पिशव्यांना एकोणीसशे बिया लागतात. रानातली दोन किलो फळं त्याला पुरून उरतात. फळं बादलीत कुस्करा, रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी चाळणीत घेऊन राखेने चोळा म्हणजे गर आणि चिकटपणा निघतो. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया फेकून द्या. उरलेल्या सावलीत गोणपाटावर एक-दोन दिवस सुकवा, उन्हात अजिबात नको, आणि आठवड्याच्या आत पेरा.

पिशवी सहा बाय आठ इंची घ्या. त्याहून लहान पिशवीत वर्षभर ठेवलेल्या रोपाचं मूळ तळाला गोल फिरतं आणि लावल्यावरही तसंच गुंडाळलेलं राहतं. असं झाड तीन वर्षांनी वाऱ्याने हलायला लागतं. दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण भरा. तळाला आणि बाजूला भोकं असल्याची खात्री करा. बी एक सेंटिमीटर खोल, आडवं ठेवा, वर भाताचं तूस किंवा पातळ गवत पसरा. उगवण दोन ते चार आठवड्यांत होते आणि एकसारखी होत नाही. पंधराव्या दिवशी पिशव्या रिकाम्या दिसल्या म्हणून उपटून बघू नका. दोन्ही उगवले तर चार पानांवर असताना कमजोर रोप कात्रीने कापा. ओढून काढलं तर शेजाऱ्याचं मूळ हलतं.

रोपवाटिकेतलं मुख्य नुकसान पावसाळ्यात होतं. जून-जुलैत पिशव्या पाण्यात उभ्या राहिल्या, किंवा खत अर्धकच्चं असलं, की कोवळी रोपं मातीलगत काळी पडून कोलमडतात. पिशव्या विटांच्या किंवा खडीच्या थरावर मांडा, मुसळधार पावसाचे दीड-दोन महिने वरून प्लॅस्टिक ताणा आणि बाजू मोकळ्या ठेवा. मर दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला तीन ग्रॅम घेऊन मातीत ओता, आणि मेलेल्या रोपाची पिशवी उचलून लांब टाका. दर दोन महिन्यांनी सगळ्या पिशव्या जागेवरून हलवायच्या, म्हणजे मुळं खालच्या जमिनीत घुसत नाहीत. दिवाळीनंतर सावलीची जाळी काढून रोपं पूर्ण उन्हात आणा. पुढच्या जूनपर्यंत रोप जेमतेम फूटभर होईल. करवंद पहिल्या वर्षी वर कमी आणि खाली जास्त वाढतं, त्यामुळे युरिया घालून ते पळवायचा प्रयत्न करू नका. युरियावर वाढलेलं लुसलुशीत रोप डोंगरउतारावर पहिल्या उन्हाळ्यात माना टाकतं.

म्हणजे या वर्षीचं बी पुढच्या वर्षीच्या पावसात लागतं. मधलं वर्ष वाया जात नाही. त्या काळात चर खणून घ्या. मुरमाड जमिनीत सुट्या खड्ड्यांपेक्षा सलग चर बरा: दोन ओळींसाठी 75 सेंटिमीटर रुंद, 40 ते 45 सेंटिमीटर खोल. हे काम जानेवारी ते मार्चमध्ये करा, चर उन्हात तापू द्या. निघालेला दगड-मुरूम बाहेरच्या कडेला रचा. तो पुढे डुकरांसाठी कामाला येतो. मेमध्ये चर वरच्या मातीने भरा. प्रत्येक रोपामागे दीड किलो कुजलेलं शेणखत, 50 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 100 ग्रॅम निंबोळी पेंड पुरे. आठशे रोपांना सव्वा टन शेणखत लागतं. ओलं, अर्धवट शेण घातलं तर हुमणी आणि वाळवी दोन्ही ओढवून घ्याल. माती जमिनीच्या वर चार बोटं फुगीर राहील इतकी भरा. पावसाने ती खाली बसते, आणि चर खोलगट राहिला तर तेच रोपांचं तळं होतं. उतारावर चर वरून खाली सरळ खणू नका, पाणी त्यातून ओढ्यासारखं धावतं. तिथे दर पाच-सहा मीटरवर मधे न खणलेला मातीचा आडवा पट्टा ठेवा.

लागण पहिल्याच सरीला नको. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती फूटभर खोल ओली झाली की लावा, म्हणजे कोकणात जूनच्या मध्यापासून, देशावर जुलैत. पिशवी ब्लेडने उभी कापून काढा. तळाला मूळ गोल फिरलेलं दिसलं तर मातीच्या गोळ्याचा खालचा अर्धा इंच सरळ छाटून टाका. गोळ्याचा वरचा भाग जमिनीबरोबर यायला हवा, खोल पुरलेलं रोप खोडाशी कुजतं. मग पायाने घट्ट दाबा. कोवळं रोप हाताने हलकेच ओढलं तर हलता कामा नये.

बी थेट बांधावर टोकून कुंपण होईल का? होतं, सोटमूळ तर उत्तम मिळतं, पण उंदीर, मुंग्या आणि गवत यांतून फार थोडी रोपं वर येतात आणि ओळीत मोठी भगदाडं पडतात. डोंगरउतार पुन्हा हिरवा करायचा असेल तर ही पद्धत चांगली आहे. कुंपणासाठी नाही.

पहिल्या दोन वर्षांत करवंद मरतं ते रोगाने क्वचितच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवत कमरेएवढं होतं, कापणारा विळा किंवा ब्रश कटर चालवतो आणि गवताबरोबर फूटभर रोपं साफ करून टाकतो. प्रत्येक रोपाशेजारी दोन फुटी काठी ठोका, टोकाला चुना किंवा रंग लावा, आणि रोपाभोवतीचं वीतभर गवत आधी हाताने उपटून मगच यंत्र फिरवा. तणनाशकाचा तर वाराही लागू देऊ नका. दुसरा शत्रू शेळी. जून करवंद तिला नको असतं, पण कोवळे शेंडे ती आवडीने खाते, आणि शेंडा खाल्लेलं रोप एक हंगाम मागे पडतं. बाहेरच्या बाजूने बोरी-बाभळीच्या फांट्यांची ओळ दोन वर्षं ठेवा. तिसरा धोका वणव्याचा आणि भाजावळीचा (शेतात पालापाचोळा जाळण्याचा). मोठी जाळी आगीतून सावरते, दोन वर्षांचं रोप सावरत नाही. डिसेंबर-जानेवारीत दोन्ही बाजूंनी मीटरभर पट्टा गवत काढून मोकळा करा, आणि राब भाजायचा असेल तो लांब भाजा.

पाणी दोन उन्हाळेच द्यायचं. पहिल्या वर्षी फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी रोपाला चार-पाच लिटर, कमी पावसाच्या भागात दर दहा दिवसांनी. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. रोज थोडं थोडं शिंपडण्यात अर्थ नाही, मुळं वरच राहतात. बुंध्याभोवती गवताचं किंवा पाल्याचं चार बोटं जाड आच्छादन ठेवा, मात्र खोडाला चिकटवू नका, वाळवी वर चढते. तिसऱ्या उन्हाळ्यापासून पाणी बंद.

आता छाटणीकडे येऊ, कारण तळाचा दीड फूट इथेच भरतो किंवा कायमचा हातचा जातो. लागणीनंतर पूर्ण एक वर्ष काही कापू नका. दुसऱ्या जूनला, पहिला पाऊस झाल्यावर, पेन्सिलीएवढं जाड झालेलं प्रत्येक रोप जमिनीपासून 20 ते 25 सेंटिमीटरवर कापा. होय, जेमतेम गुडघ्यापर्यंत आलेलं रोप निम्मं कापायचं. बहुतेकांचा हात इथे थांबतो आणि कुंपण इथेच बिघडतं. न कापलेलं करवंद एक-दोन फांद्या वर सोडतं, त्या पुढे कमानीसारख्या वाकतात आणि बुंधा उघडा राहतो. कापलेलं रोप खालच्या डोळ्यांतून तीन ते पाच फांद्या फोडतं, त्याही जमिनीलगत. काप धारदार सिकेटरने, डोळ्याच्या वर, थोडा तिरका घ्या. कोयत्याने झोडपलेलं खोड चिरतं. पेन्सिलीपेक्षा बारीक राहिलेली रोपं त्या वर्षी सोडून द्या आणि पुढच्या वर्षी कापा.

तिसऱ्या जूनला सगळे शेंडे 45-50 सेंटिमीटरवर, चौथ्याला 80वर, आणि मग दर वर्षी फूटभर उंची वाढू द्या. पाच-साडेपाच फुटांवर थांबा. बाजू पहिल्यापासून उताराच्या ठेवा: तळाशी सव्वा ते दीड मीटर, माथ्याला पाऊण मीटर. वरचा भाग रुंद झाला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ती गळतात, आणि एकदा बोडका झालेला बुंधा पुन्हा भरायला पूर्ण झाड तळातून कापावं लागतं. सरळ उभ्या भिंतीसारखं कापलेलं कुंपण दिसायला देखणं असतं, पण पाच वर्षांनी त्याच्या खालून कुत्रा जातो.

ओळीत भगदाड असेल तर पहिल्या दोन वर्षांतच रोप लावून सांधा. मोठ्या झाडांच्या मधे सावलीत लावलेलं कोवळं रोप नंतर धरत नाही. तिसऱ्या वर्षानंतर दाब कलम हा उपाय: जुलैत शेजारच्या झाडाची खालची लांब फांदी वाकवा, जमिनीला टेकते तिथे खालच्या बाजूने साल थोडी खरवडा, चीक पुसा, चार बोटं मातीत पुरून वर दगड ठेवा. शेंडा बाहेर उभा राहू द्या. मुळं फुटली तरी फांदी मूळ झाडापासून तोडायची गरज नाही, आपल्याला भगदाडच बुजवायचं आहे.

छाटणीच्या वेळी कातडी हातमोजे आणि चष्मा घाला. वाळलेल्या करवंदाचा काटा ओल्यापेक्षा टणक असतो, अनवाणी पायात आणि ट्रॅक्टरच्या टायरात सारखाच शिरतो, म्हणून कापलेली फांदी शेतात एकही ठेवायची नाही. त्या फांट्या तळाच्या विरळ जागी कोंबा. झाड भरेपर्यंत त्याच आड होतात.

रानडुकराचं गणित वेगळं आहे. ते सहसा उडी मारत नाही, नाक घालून खालून रेटतं, आणि त्याच्या जाड कातडीला काट्याचं विशेष काही नसतं. चरातून निघालेल्या दगडांचा दीड-दोन फूट उंच गडगा बाहेरच्या बाजूला रचला आणि त्याला लागून आत करवंद असलं, तर दोन्ही मिळून चांगला अडथळा होतो. दगड नसेल तर डुकरांच्या नेहमीच्या वाटांवर सागरगोटा लावा. त्याच्या वेलींना आकड्यासारखे उलटे काटे असतात आणि तो करवंदाच्या जाळीत शिरून तिला बांधून टाकतो. पण दहा-पंधरा मीटरला एकच. जास्त झाला तर करवंदावर चढून त्याला दडपतो.

जैवविविधतेबद्दल एक गोष्ट सरळ सांगायला हवी: आठशे करवंदांची एकसारखी कापलेली भिंत पाखरांच्या फारशी कामाची नाही. करवंदाचा फुलोरा फांद्यांच्या टोकाला येतो. दर वर्षी सगळे शेंडे कापले तर फुलं कमी, फळं कमी, आणि म्हणून बुलबुल, कोकीळ नि तांबटही कमी. कुंपण भरल्यावर, साधारण पाचव्या-सहाव्या वर्षापासून, त्याचे तीन भाग करा आणि दर वर्षी एकच भाग कापा. शिवाय दर बारा-पंधरा मीटरवर एक झुडूप मनासारखं वाढू द्या. छाटणीची वेळ फळं संपल्यावर, जून ते जुलैच्या मध्यापर्यंत. तेव्हा कापलं तर पावसाळ्यात नवी फूट येते आणि तीच जानेवारी-फेब्रुवारीपासून फुलते; दिवाळीनंतर कापलंत तर पुढचा बहार गेला. जूनमध्ये बुलबुलांची घरटीही असू शकतात, म्हणून कापायच्या आधी फांद्या बाजूला करून बघा. घरटं असलं तर तेवढी दोन मीटर जागा सोडा, आकाश कोसळत नाही.

करवंदाची फुलं पांढरी, बारीक नळीची आणि सुवासाची असतात. त्या नळीच्या तळाचा मध लांब सोंडेच्या निशाचर पतंगांना मिळतो, त्यामुळे बांधावर रात्रीची फवारणी आणि प्रखर दिवे फुलोऱ्याच्या काळात टाळा. पानांवर कण्हेरीवरच्या हिरव्या पतंगाची जाड अळी, किंवा तपकिरी-काळ्या, कडेला पांढरे ठिपके असलेल्या फुलपाखराच्या अळ्या दिसतील. काही फांद्या त्या खाऊन मोकळ्या करतात. काही करू नका, पावसात झाड भरून येतं. जैवविविधता हवी असेल तर ती पानं खाणारच.

नुसतं करवंद न लावता तीस-चाळीस टक्के दुसरी देशी झुडपं मिसळा. निर्गुडी काडीने सहज लागते आणि गुरं-शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. मात्र ती करवंदाच्या दुप्पट वेगाने वाढते, म्हणून दोन ओळींत न मिसळता बाहेरच्या कडेला वेगळी लावा, नाहीतर सावलीने करवंद मागे पडेल. कोरड्या भागात तरवड घ्या. पिवळी फुलं मधमाश्यांना, पानं पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्यांना. धायटीची लाल नळीदार फुलं हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शिंजीर पक्ष्यांना बोलावतात. पावसाच्या पट्ट्यात तोरण आणि चिल्हार, मोकळ्या माळावर हेकळ. एका जातीची सलग दहा झाडं लावण्यापेक्षा तीन-चारच्या घोळक्यांनी लावा. परागीभवन होतं आणि एखादी जात रुजली नाही तरी लांब पट्टा मोकळा पडत नाही. घाणेरी मात्र दिसताक्षणी मुळासकट काढा. पाखरं तिच्या बिया आणून नेमक्या कुंपणातच टाकतात आणि दोन पावसाळ्यांत ती करवंदाला गिळते.

किडी-रोगांची यादी छोटी आहे. फांद्यांवर मुंग्यांची वर्दळ आणि पानांवर काजळी दिसली तर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण समजा. किडलेल्या फांद्या कापून जाळा, बाकीच्यांवर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाबरोबर, संध्याकाळी. फुलोऱ्यात कोणतीही फवारणी नको. पावसाळ्यात पानं एकाच पट्ट्यात पिवळी पडून गळू लागली तर औषधाची बाटली शोधण्याआधी तिथे पाणी साचतंय का बघा. बहुतेक वेळा चर बसलेला असतो, बाजूला पाण्याला वाट काढून दिली की झाड सावरतं.

फळं तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून थोडी, सहाव्या वर्षापासून बऱ्यापैकी. कुंपणाच्या झाडाकडून बागेतल्या झाडाएवढी अपेक्षा ठेवू नका: दाटी आणि छाटणी यामुळे चांगल्या झुडपालाही दोन-तीन किलो खूप झाले, आणि ज्या भागाची छाटणी झाली त्याला त्या वर्षी कमीच. लोणच्यासाठी हिरवी, टणक फळं एप्रिलमध्ये काढा. ती आठवडाभर टिकतात. सरबतासाठी पिकलेली मेमध्ये, पण ती दोन-तीन दिवसांत पाणी सोडतात, म्हणून काढल्या दिवशीच हातावेगळी करा. झाडाखाली कापड पसरून फांदी हलवली तर पिकलेलीच पडतात आणि हातही वाचतात. देठाशी चीक येतो, फळं दोन पाण्यांतून धुवून घ्या. जाळीच्या आतल्या बाजूची, हात न पोचणारी फळं काढायला जाऊ नका. ती बुलबुलांची आणि उदमांजरांची, आणि त्यांच्या विष्ठेतून उगवलेली रोपं पुढच्या पावसात बांधालगतच सापडतात. पिशवीत उचलून सांधणीला वापरायची असतील तर ती दोन-चार पानांची असतानाच, मातीच्या गोळ्यासकट उचला.